जुनं लेदर फ्लाइट जॅकेट घ्यावं का, दुरुस्त करावं का: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

माझं पहिलं ए-२, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक घालत ते चामड्याचं जॅकेट, मी फक्त फोटो बघून घेतलं. फोटोत ते गडद तपकिरी होतं, छान चकाकत होतं, चेन बंद होत होती, आतलं लेबलही जागेवर होतं. घरी आल्यावर दोनदा घातलं. तिसऱ्यांदा बाहीत हात घालताना कोपर जरा मागे गेलं आणि काखेच्या मागे काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. काढून बघितलं तर दोरा शाबूत होता. फाटलं होतं ते चामडं, टाक्यांच्या भोकाभोकांतून, पोस्टाचं तिकीट छिद्रांवरून सुटतं तसं. चामड्याचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्याने फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. अंगठ्यावर विटकरी भुकटी होती. "हे शिवायचं कशाला?" एवढंच तो म्हणाला. ती चकाकी विकणाऱ्याने चोळलेल्या तेलाची होती.

त्यानंतर मी बरीच जॅकेटं हाताळली, काही घेतली, बरीचशी सोडून दिली. एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: चेन, कफ, अस्तर, दोरा, सगळं बदलता येतं. चामडं बदलता येत नाही. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने वाचा, कारण बहुतेक जण उलट्या क्रमाने बघतात: आधी लेबल, मग चेन, आणि चामडं सगळ्यात शेवटी.

१. आधी ठरवा, जॅकेट कशासाठी हवंय

रोज घालायला, अधूनमधून घालायला, की जपून ठेवायला? हा प्रश्न पुढे ढकलू नका. दुसऱ्या महायुद्धातलं जॅकेट आता ऐंशी वर्षांचं झालंय. त्यातलं उत्तम राखलेलंही पावसात, गाडीवर, गर्दीत रोज वापरण्यासारखं राहिलेलं नसतं. रोज घालायचं असेल तर जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने शिवलेलं जॅकेट बघा. इंग्लंडमधली ईस्टमन, स्कॉटलंडमधली एरो लेदर, जपानमधल्या द रिअल मॅकॉयज आणि बझ रिक्सन्स अशा कंपन्या जुन्या जॅकेटांचा बारकाईने अभ्यास करून ती बनवतात. अशी निवड करणं म्हणजे तडजोड नव्हे. जुनं जॅकेट वापरून संपवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जपून ठेवायचं असेल तर दुरुस्ती जितकी कमी तितकी चांगली. घालायचं असेल तर दुरुस्ती मजबूत हवी, मग ती थोडी दिसली तरी चालेल. हे दोन हेतू एकाच जॅकेटवर लादले की दोन्ही फसतात.

२. समोर नेमकं काय आहे ते ओळखा

"व्हिंटेज पायलट जॅकेट" या नावाखाली काहीही विकलं जातं. चार नमुने ओळखता आले तरी बराच गोंधळ टळतो.

ए-२ हे अमेरिकन आर्मी एअर कोरचं. १९३१ मध्ये मंजूर झालं, १९४३ च्या सुमारास नव्या मागण्या थांबल्या आणि कापडी जॅकेटं आली. बहुतेक घोड्याच्या कातड्याची, काही बकरीच्या. शर्टासारखी कॉलर, ती खाली दाबून ठेवायला आत लपवलेली टिचबटणं, खांद्यावर पट्ट्या, पुढे झाकणाचे दोन खिसे, विणलेले लोकरी कफ आणि कमरपट्टी. पाठ अखंड एका तुकड्याची असते. हात ऊबेला घालायचे बाजूचे खिसे मूळ ए-२ ला नसतात आणि आतला खिसाही नसतो. तसे खिसे दिसले तर ते नागरी फॅशनचं जॅकेट किंवा नंतरचं उत्पादन समजा.

जी-१ हे अमेरिकन नौदलाचं. बकरीचं दाणेदार चामडं, फरची कॉलर, हात पुढे नेता यावेत म्हणून पाठीला खांद्यांजवळ चुण्या. आधीच्या पिढीचं नाव एम-४२२ए. पुढच्या काळातल्या लेबलांवर एमआयएल-जे-७८२३ हा क्रमांक आणि त्यामागे अक्षर येतं. अक्षर जितकं पुढचं तितकं जॅकेट अलीकडचं. नवख्याने सुरुवात करायला मला जी-१ सगळ्यात योग्य वाटतं. बकरीचं चामडं चिवट असतं, आणि ही जॅकेटं युद्धानंतरही दशकानुदशके बनत राहिल्यामुळे तुलनेने तरुण नग मिळतात.

आयर्विन हे ब्रिटिश हवाई दलाचं, मेंढीच्या लोकरी कातड्याचं. पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली आयर्विन यांच्या नावावरून ते ओळखलं जातं. बी-३ हे १९३४ चं, तशाच लोकरी कातड्याचं अमेरिकन जॅकेट. ही दोन्ही दिसायला दणकट, पण म्हातारपणी सगळ्यात नाजूक. बाहेरून दिलेला रंगाचा थर तडकतो, आतलं पातळ कातडं वाळतं आणि लोकरीचं वजन शिवणींवर येतं. पहिली खरेदी म्हणून ती घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

लेबलबद्दल दोन सापळे. ए-२ च्या मानेजवळच्या लेबलवर नमुन्याचं नाव, रेखाचित्र क्रमांक ३०-१४१५, मागणी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि हे अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाची मालमत्ता असल्याची ओळ असते. नव्याने शिवलेल्या चांगल्या जॅकेटांवरही हुबेहूब असंच लेबल असतं, म्हणून नुसतं लेबल हा पुरावा नव्हे. दुसरा सापळा नावांचा. युद्धकाळात ए-२ बनवणारी एरो लेदर ही न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनची कंपनी. आजची स्कॉटलंडची एरो लेदर वेगळी. कूपर हे नाव तर १९८८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने ए-२ पुन्हा सुरू केलं तेव्हाच्या बकरीच्या चामड्याच्या जॅकेटांवरही आहे. ती चांगली जॅकेटं आहेत, पण महायुद्धातली नाहीत.

३. विकणाऱ्याकडून काय मागायचं

नुसतं "कंडिशन कशी आहे?" विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: वयाच्या मानाने उत्तम. त्याऐवजी हे मागा:

• दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पुढून आणि मागून काढलेले फोटो
• दोन्ही काखा, हात वर करून, दोन्ही कोपरं, खिशांचे कोपरे
• कॉलर उचलून तिच्या खालचा भाग, कारण तिथे ऊन कमी लागतं आणि मूळ रंग दिसतो
• मानेची शिवण, आतून आणि बाहेरून
• चेन उघडी, बंद, आणि खालच्या टोकाचा जवळून फोटो
• लेबल, अस्तर आणि कफ यांचे फोटो
• मापं, टेप शेजारी ठेवून: काखेपासून काखेपर्यंत, खांदा ते खांदा, बाही, पाठीची लांबी
• एक लेखी उत्तर: तेल, क्रीम, रंग यांतलं काय लावलंय, कधी लावलंय, काय बदललंय

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर टाळलं गेलं तर मी तिथेच थांबतो. बिल, वर्णनाची जाहिरात, फोटो आणि हे लेखी उत्तर एकत्र जपून ठेवा. परतीची मुदत किती आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच लिहून घ्या. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि वाहतूक धरूनच भाव ठरवा.

मापांचं एक सांगतो. लेबलवरचा साइज विसरा. ही जॅकेटं आखूड आणि अंगाबरोबर बसणारी असत, आणि वर्षानुवर्षांत चामडं आटलेलंही असतं. तुम्हाला नीट बसणारं एखादं जॅकेट सपाट पसरून मोजा आणि आकडे ताडून पाहा. काखेपासून काखेपर्यंतच्या मापाची दुप्पट तुमच्या छातीपेक्षा निदान चार इंच जास्त हवी. घट्ट जॅकेट नुसतं अडचणीचं नसतं, प्रत्येक हालचालीला ते काखेच्या शिवणीवर ताण देतं. जुनं चामडं ताणून मोठं करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

४. चामडं तपासा: सगळा निर्णय इथे आहे

जॅकेट हातात आलं की टेबलावर पांढरं कापड पसरा, खिडकीजवळ बसा, हात कोरडे ठेवा. टॉर्च आणि साधं भिंग पुरतं. घाई करू नका, अर्धा तास द्या.

आधी वास घ्या. जुन्या चामड्याचा वास थोडा गोडसर, लाकडासारखा असतो. कुबट वास म्हणजे बुरशी. खवट वास म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे कोणीतरी काहीतरी झाकलंय.

मग पांढऱ्या कापडावर जॅकेट हलकेच झटका आणि खाली काय पडलं ते बघा. काळे-तपकिरी पापुद्रे पडले तर बहुधा वरचा रंगथर सुटतोय, हे चालवून घेता येतं. विटकरी, पिठासारखी भुकटी पडली आणि बोटाला चिकटली तर थांबा. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं चामडं जुनं झालं की हवेतल्या सल्फरच्या प्रदूषणाने त्यात आम्ल तयार होतं आणि तंतू आतून तुटत जातात. याला रेड रॉट म्हणतात. ते मागे फिरत नाही. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज (सुटे तंतू बांधून ठेवणारं एक रसायन) अल्कोहोलमध्ये विरघळवून लावलं तर भुकटी बसते आणि जॅकेट कपाटात टिकतं, पण अंगावर घालण्याइतकी ताकद परत येत नाही.

आता भेगा. सगळ्या भेगा सारख्या नसतात आणि इथेच नवखे घाबरून चांगलं जॅकेट सोडतात किंवा वाईट घेऊन बसतात. भिंगातून बघा. जाळीसारख्या बारीक रेघा आणि मध्ये मूळ चामड्याचा फिकट रंग दिसला तर फक्त रंगथर तडकलाय. चामडं खाली शाबूत असू शकतं, आणि मला तर अशी जॅकेटं सुंदर दिसतात. भेगेच्या कडा वर उचललेल्या असतील आणि आत रेशे दिसत असतील तर चामड्याचा वरचा थर फुटलाय. कोपराच्या सुरकुत्यांत थोडंफार असं असलं तर चालतं. काखेच्या मागे, खांद्याच्या शिवणीलगत किंवा मानेपाशी असेल तर नाही, कारण सगळा भार तिथेच येतो.

यानंतर घडी. विकणाऱ्याची परवानगी घ्या. बाहीच्या मधल्या भागात अंगठा आणि तर्जनीमध्ये थोडं चामडं धरून हलकेच वाकवा. पूर्ण दुमडायचं नाही. निरोगी चामडं वाकतं आणि सोडल्यावर सावकाश परत येतं. आवाज करणारं, पुठ्ठ्यासारखं अडणारं चामडं वाळलंय. आणि जे ओल्या कागदासारखं पडून राहतं, ज्याला परत येण्याचा जोरच नसतो, ते सगळ्यात वाईट. तेलात भिजवलेलं चामडं असंच वागतं. माझ्या पहिल्या जॅकेटचा मऊपणा असा होता आणि मला तो राखलेल्या चामड्याचा वाटला होता.

शेवटी टाके. शिवणीच्या दोन्ही बाजूंना चामडं अगदी थोडं, दोन बोटांनी, विरुद्ध दिशांना धरा. टाक्याची भोकं गोल दिसली तर बरं. भोकं लांबट झाली असतील किंवा एका भोकातून दुसऱ्याकडे बारीक चीर गेली असेल तर तिथलं चामडं संपलंय. ही तपासणी दोन्ही काखा, खांदे, मान आणि खिशांचे वरचे कोपरे, एवढ्या ठिकाणी कराच.

पांढरट थर दिसला तर लगेच बुरशी समजू नका. चामड्यातली चरबी वर येऊनही तसा थर धरतो. तो मऊ कापडाने पुसताना बोटाच्या ऊबेने विरघळतो. बुरशीला केसाळपणा आणि वास असतो.

पुन्हा रंगवलंय का, हेही बघा. दोऱ्यावर, लेबलच्या कडेला, कफाच्या पहिल्या विणीवर रंग लागला असेल तर रंगवलंय. मात्र युद्धकाळातच लष्करी डेपोंमध्ये जॅकेटं दुरुस्त करून गडद रंगवली जात, म्हणून जुना रंग म्हणजे फसवणूक असं सरसकट धरू नका. नवा रंग प्लॅस्टिकसारखा सपाट दिसतो आणि भेगांच्या आतही शिरलेला असतो.

५. बाकीचे भाग

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कफ आणि कमरपट्टीला कसर लागलेली असणं नेहमीचंच. ती बदलता येतात. अस्तर विरलेलं असलं तरी बदलता येतं. टॅलन, क्राउन, कॉनमार अशी नावं असलेली जुनी धातूची चेन असेल तर ती शक्यतो वाचवा. दातांवर पेन्सिलीचं शिसं किंवा मेण फिरवलं की अडलेली चेन पुष्कळदा चालू लागते. खालचं टोक तुटलं असेल तर मात्र जाणता कारागीर लागेल.

दोरा कुजणं ही वाईट बातमी नाही. उलट चामडं चांगलं आणि दोरा कुजका, असं जॅकेट मिळालं तर आनंद माना. आधी दोरा तुटतो, म्हणून चामडं फाटत नाही.

६. पाठीवरची चित्रं आणि छातीवरचे बिल्ले

ए-२ च्या पाठीवर विमानाचं नाव, चित्र, मोहिमांच्या संख्येइतके छोटे बॉम्ब रंगवलेले असत. अशा जॅकेटांचा भाव कितीतरी पट असतो, म्हणून नकलाही याच जास्त. एक खूण लक्षात ठेवा: खरं जुनं चित्र चामड्याबरोबर म्हातारं झालेलं असतं. चामड्याची भेग चित्रातूनही जायला हवी. भेगेच्या आत रंग उतरलेला दिसला तर आधी भेग पडली आणि मग चित्र काढलं गेलं. बिल्ल्याखालचं चामडं आजूबाजूपेक्षा गडद आणि ताजं असायला हवं. चीन-बर्मा-भारत आघाडीच्या ढालीच्या आकाराच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी शेजारी असतात, आणि तो बघून आपल्यासारख्यांचं मन लगेच ओढ घेतं. तेव्हा तर भिंग दोनदा लावा.

रंगवलेलं जॅकेट खरं असेल तर ते घालू नका, धुऊ नका, स्वतः दुरुस्त करू नका.

७. आता निर्णय

मी तीनच ढीग करतो.

सोडून द्या: विटकरी भुकटी, भोकांमधून गेलेली चीर दोनपेक्षा जास्त ठिकाणी, तेलाने लिबलिबीत झालेलं चामडं, किंवा माप बसत नसणं. भाव कितीही कमी असू दे. माप नसलेलं जॅकेट "कधीतरी बसेल" म्हणून घेणारे मी खूप पाहिलेत.

घ्या, पण घालू नका: इतिहास पक्का आहे, चामडं थकलंय. दुरुस्ती फक्त आणखी फाटू नये इतकीच.

घ्या आणि दुरुस्त करा: चामडं वाकतं, परत येतं, टाक्याची भोकं गोल आहेत, बाकी काहीही बिघडलेलं असू दे.

तिसऱ्या ढिगातल्या जॅकेटसाठी भाव बोलण्याआधीच कारागिराकडून चेन, कफ-कमरपट्टी, अस्तर आणि शिवणी यांचा वेगवेगळा अंदाज घ्या. चारही कामं लागणार असतील तर ती बेरीज पुष्कळदा जॅकेटच्या किमतीच्या जवळ जाते. तरीही घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण आकडा डोळ्यांसमोर ठेवून.

८. घरी आल्यावर आधी काय

लगेच कपाटात ठेवू नका. कसर आणि किडे तुमच्या लोकरीच्या कपड्यांत जातील. जॅकेट स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर दमट हवा चामड्यावर पाणी धरते. रंगवलेल्या जॅकेटला हा उपाय करू नका, चित्र तडकू शकतं.

मग साफसफाई: मऊ ब्रश, कमी जोराचा व्हॅक्यूम (तोंडाला जाळीचं कापड बांधून) आणि कोरडं सुती कापड. नव्याण्णव टक्के वेळा एवढंच पुरतं. गरम पाणी, वॉशिंग मशीन, इस्त्री, हेअर ड्रायर, कडक ऊन, यांपैकी काहीही नको. चांगलं कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० अंशांच्या पुढे आकसतं, पण खराब झालेलं चामडं त्याहून खूप कमी तापमानाला आकसून कडक होतं, आणि ते परत सैल होत नाही.

तेलाबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त जॅकेटं त्यानेच वाया गेलीत. "वाळलंय, तेल पाजा" हा सल्ला सगळीकडून मिळेल. तुटलेले तंतू तेलाने जोडले जात नाहीत. ते तात्पुरतं मऊ लागतं, काळं पडतं, धूळ धरतं, शिवणीतला सुती दोरा तेल पिऊन बसतो, आणि पुढे कारागिराने आतून पट्टी चिकटवायची म्हटली तर तीही धरत नाही. चामडं निरोगी असेल तर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम) अगदी थोडा, आधी कॉलरखाली लावून एक आठवडा वाट बघा. वर्षातून एकदा पुरे. शंका असेल तर लावूच नका.

९. दुरुस्तीचा क्रम

काही उसवण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा. मग हा क्रम पाळा: आधी फाटलेल्या जागी आतून पातळ चामड्याची किंवा मजबूत कापडाची पट्टी, मग शिवणी, मग चेन, मग कफ आणि कमरपट्टी, शेवटी अस्तर. अस्तर आधी बदललं तर पुढच्या प्रत्येक कामाला ते पुन्हा उसवावं लागतं.

कारागीर निवडताना त्याने केलेली जुन्या चामड्याची दुरुस्ती बघायला मागा, नवीन बॅगा नव्हे. आणि त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: जुन्याच भोकांतून, शक्य तिथे हाताने शिवायचं. यंत्राची नवी ओळ म्हणजे भोकांची दुसरी रांग, आणि दोन रांगांमधली पट्टी पहिल्याच ताणाला सुटते. दोरा चामड्यापेक्षा बलवान नको. नुसता जाड नायलॉन घातला तर पुढच्या वेळी दोरा टिकेल आणि चामडं कापलं जाईल. काम टप्प्याटप्प्याने द्या. एक काख करून घ्या, बघा, मग बाकीचं.

काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या: तुटकी चेन, कसर खाल्लेले कफ (तेही आधी फ्रीझरमध्ये ठेवून), अस्तराचा तुकडा. एका पाकिटात घालून त्यावर तारीख आणि काय बदललं ते लिहा. पुढे कधी विकायची वेळ आली तर हे पाकीट जॅकेटबरोबर द्यायचं.

१०. ठेवणं

पातळ तारेचा हँगर नको. खांद्याइतका रुंद, कापसाने आणि सुती कापडाने गुंडाळलेला हँगर घ्या. लोकरी कातड्याचं जॅकेट जड असतं, ते टांगू नका. आडवं ठेवा आणि बाह्यांत आम्लविरहित कागदाचे बोळे घाला. वर प्लॅस्टिकचं कव्हर नको, सुती चालेल. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. ६५ च्या वर बुरशी धरू लागते. दर तीन महिन्यांनी कॉलर उचला, काखा बघा, कफांत कसरीची जाळी आहे का ते टॉर्चने पाहा आणि जॅकेट तासभर सावलीत मोकळ्या हवेत ठेवा.